मराठी डोक्यात, इंग्रजी तोंडात: नेमकं कुठे अडतं आणि ते कसं सोडवायचं

'काल मी बाजारात गेलो होतो.' या वाक्यात काही चूक नाही, आपण रोज असंच बोलतो. हेच इंग्रजीत न्या: 'यस्टरडे आय हॅड गॉन टू द मार्केट.' ऐकणारा थांबतो आणि पुढचं काहीतरी येईल म्हणून वाट बघतो. कारण इंग्रजीत 'हॅड गॉन' म्हटलं की त्यानंतर घडलेली दुसरी गोष्ट यायला हवी: मी बाजारात गेलो होतो, तेवढ्यात घरी पाहुणे आले. पाहुणे काही येत नाहीत. इथे हवं होतं साधं 'आय वेन्ट'.

ही चूक पक्क्या मराठीतून आली आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांच्या बहुतेक चुका अशाच असतात, म्हणून त्या आधीच ओळखता येतात. कुठल्या वळणावर पाय घसरणार हे माहीत असेल तर तिथेच सराव करता येतो. व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून पाठ करत बसावं लागत नाही.

पुढचं सगळं अशा मोठ्या माणसांसाठी आहे, ज्यांना इंग्रजी वाचता येतं, अर्जही लिहिता येतो, पण बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. रोज ४० मिनिटं आणि सहा आठवडे एवढा वेळ धरा.

आधी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग

फोनवर रेकॉर्डर चालू करा आणि 'काल सकाळपासून रात्रीपर्यंत मी काय केलं' यावर दोन मिनिटं इंग्रजीत बोला. तयारी नको, समोर कागद नको. मध्येच अडलात तरी रेकॉर्डिंग थांबवू नका. मग ते ऐकत ऐकत जसंच्या तसं वहीत उतरवा, 'अं...', 'म्हणजे' सकट. दोन मिनिटांचं उतरवायला वीसेक मिनिटं लागतात आणि काम कंटाळवाणं आहे. बहुतेक जण इथेच पळ काढतात.

उतरवून झालं की लाल पेनने चुकलेली क्रियापदं खूण करा. निळ्याने 'अ', 'ॲन', 'द' आणि 'इन', 'ऑन', 'टू' यांच्या चुका. जिथे तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबलात तिथे गोल काढा आणि त्या क्षणी मनात कुठलं मराठी वाक्य होतं ते शेजारी लिहा. ही गोलाशेजारची मराठी वाक्यं जपून ठेवा, तुमचा खरा अभ्यासक्रम तोच आहे.

गोल जास्त असतील तर तुमचं अडतंय वाक्य रचण्यात. गोल कमी आणि लाल खुणा जास्त असतील तर क्रियापदात. दोन्ही ठीक असून समोरच्याचं बोलणं कळत नसेल तर कानात. तारीख टाकून फाइल ठेवून द्या, ती शेवटी लागणार आहे.

मराठी वाक्य आधी मराठीतच तोडा

'माझ्या मोठ्या भावाने परवा घेतलेली गाडी आज सकाळी हायवेवर बंद पडली.' मराठीला हे सोपं जातं, कारण नामाबद्दलची सगळी माहिती आपण नामाच्या आधी रचत जातो आणि क्रियापद शेवटी ठेवतो. इंग्रजीत माहिती नामाच्या मागून येते आणि क्रियापद कर्त्याला चिकटून. शिकणारा 'माय एल्डर ब्रदर... डे बिफोर यस्टरडे...' अशी सुरुवात करतो आणि गाडीपर्यंत पोहोचायच्या आत वाक्य हातातून सुटतं. '-लेला', '-लेली', '-णारा' असलेली जवळजवळ सगळी वाक्यं अशीच सुटतात.

यावर उपाय असा. आधी मराठीतच तुकडे पाडा: भावाने गाडी घेतली. परवा घेतली. ती आज सकाळी हायवेवर बंद पडली. मग प्रत्येक तुकड्यात 'कोण' आधी, 'काय केलं' लगेच त्याच्या मागे, आणि कुठे-केव्हा शेवटी. 'माय ब्रदर बॉट अ कार. ही बॉट इट टू डेज अगो. इट ब्रोक डाउन ऑन द हायवे धिस मॉर्निंग.' तीन छोटी वाक्यं झाली आणि ऐकणाऱ्याला सगळं कळलं. तुकडे जोडून 'द कार दॅट माय ब्रदर बॉट' म्हणायची घाई पहिला महिनाभर करू नका.

सरावासाठी मराठी वर्तमानपत्र उत्तम. त्यात 'शासनाने जाहीर केलेल्या योजनेअंतर्गत निवडलेल्या गावांतील' अशा वाक्यांचा सुकाळ असतो. रोज पाच वाक्यं घ्या, फक्त मराठीत तोडा. आठवडाभर एवढंच. इंग्रजी दुसऱ्या आठवड्यापासून.

दुसरी अडचण 'मला'ची. मला भूक लागली, मला आठवतं, मला वाटतं, मला यायचंय, मला जमत नाही, मला ताप आहे. मराठीत इथे माणूस बाजूला उभा असतो आणि भूक, ताप, आठवण त्याच्याकडे येतात. इंग्रजी त्याला सरळ कर्ता करून टाकते: आय ॲम हंग्री, आय रिमेंबर, आय थिंक, आय वॉन्ट टू कम, आय कान्ट डू इट, आय हॅव अ फीव्हर. 'मला'ने सुरू होणारी तुमच्या रोजच्या बोलण्यातली बारा वाक्यं काढा आणि मराठी-इंग्रजी जोडीने पाठ करा. इथे नियम शोधू नका, पाठांतरच कामाला येतं.

क्रियापद: चार ठिकाणी हमखास घसरण

पहिली वर आलीच: 'गेलो होतो', 'केलं होतं', 'भेटला होता'. मनातलं वाक्य 'होतो'ने संपलं की स्वतःला विचारा, याच्यानंतर घडलेली दुसरी गोष्ट मी याच दमात सांगणार आहे का? नसेल तर साधा भूतकाळ: वेन्ट, डिड, मेट.

दुसरी 'दोन वर्षांपासून'ची. 'मी इथे दोन वर्षांपासून काम करतोय' याचं 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' होतं. यात दोन चुका आहेत. मराठीचं '-पासून' सुरुवातीचा क्षण आणि लोटलेला काळ या दोघांनाही चालतं, इंग्रजीत त्यांच्यासाठी वेगळे शब्द आहेत. कॅलेंडरवर बोट ठेवता येत असेल (सोमवार, जून, २०१९) तर 'सिन्स'. बोटांवर मोजता येत असेल (दोन वर्षं, दहा दिवस) तर 'फॉर'. आणि काम तेव्हा सुरू होऊन अजून चालूच आहे म्हणून 'आय ॲम वर्किंग' ऐवजी 'आय हॅव बीन वर्किंग'. पूर्ण वाक्य 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स'. मुलाखतीत हे वाक्य पहिल्या दहा मिनिटांत लागतंच, तेव्हा स्वतःची नोकरी, शहर, वर्षं घालून ते वीस वेळा मोठ्याने म्हणून ठेवा.

तिसरी घसरण प्रश्नाची. मराठीत 'तू गेलास' याचा प्रश्न करायला शेपटीला 'का' लावलं की झालं, बाकीचं वाक्य हलत नाही. इंग्रजीत मदतीला 'डू', 'डझ', 'डिड' येतात, आणि भूतकाळाचं ओझं एकालाच उचलायचं असतं. 'डिड'ने ते उचललं की मागचं क्रियापद मोकळं होतं: 'डिड यू गो', 'आय डिडन्ट गो'. 'डिड यू वेन्ट' म्हणजे एकाच पोत्याला दोन हमाल. दहा क्रियापदं घ्या (गो, कम, ईट, सी, टेक, गिव्ह, बाय, टेल, गेट, मेक) आणि प्रत्येकाचा चौकोन म्हणा: आय वेन्ट, आय डिडन्ट गो, डिड यू गो, व्हेअर डिड यू गो. दहा चौकोनांना चारेक मिनिटं लागतात. दात घासून झाल्यावर रोज एकदा, दोन आठवडे.

हे जमलं की लगेच एक उलटी चूक सुरू होते. 'तो कुठे आहे मला माहीत नाही' याचं 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' होतं. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की तो प्रश्न राहत नाही, क्रम पुन्हा सरळ होतो: 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज'.

चौथी, 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय ॲम नॉट नोइंग'. असणं, माहीत असणं, आवडणं, हवं असणं, समजणं या स्थिती आहेत, चालू असलेली कामं नाहीत. त्यांना 'इंग' लागत नाही. 'आय ॲम हॅविंग लंच' मात्र बरोबर, कारण जेवण हे चालू काम आहे.

'अ', 'ॲन' आणि 'द'

मराठीत उपपदं नाहीत, त्यामुळे ती गाळली तरी आपल्या कानाला खटकत नाही. इंग्रजी कानाला खटकतं. आधी एकच गोष्ट बसवा: मोजता येणारी एक वस्तू इंग्रजीत एकटी फिरत नाही. तिच्यापुढे 'अ', 'ॲन', 'द', 'माय', 'धिस' यांपैकी कुणीतरी हवंच. 'आय बॉट पेन' हे वाक्य नागडं आहे.

मग कुठलं लावायचं? तुमचं वाक्य ऐकून समोरचा 'कुठलं?' असं विचारू शकत असेल तर 'अ' किंवा 'ॲन'. त्याला कुठलं ते आधीच ठाऊक असेल तर 'द'. 'मी एका डॉक्टरकडे गेलो' – अ डॉक्टर. 'डॉक्टर म्हणाले, आराम करा' – आता तेच डॉक्टर, म्हणून द डॉक्टर.

'अ' की 'ॲन' हे ठरवायला मात्र मराठी माणसाच्या हातात मोठा हुकमी पत्ता आहे. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. स्पेलिंग एच-ओ-यू-आर असलं तरी आपण 'आवर' लिहितो, म्हणून ॲन आवर. स्पेलिंग यू-ने सुरू होत असलं तरी 'युनिव्हर्सिटी' य-ने सुरू होतं, म्हणून अ युनिव्हर्सिटी. ॲन ऑनेस्ट मॅन, अ वन-वे रोड, ॲन एमपीएससी एक्झाम, ॲन एस.टी. बस. रोमन लिपीत हा नियम अपवादांसह पाठ करावा लागतो, देवनागरीत तो डोळ्यांना दिसतो.

बाकीचं थोडक्यात. सर्वसाधारण बोलताना 'द' नको: चहा आवडतो, 'आय लाइक टी'. नद्या आणि डोंगररांगांना 'द' लागतं (द गोदावरी, द सह्याद्री), एकट्या शिखराला लागत नाही, म्हणून कळसूबाई नुसतं कळसूबाई. फर्निचर, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, लगेज यांना अनेकवचनाचा 'स' नाही, 'अ'ही नाही. डोक्यावरचे केस मराठीत अनेक, इंग्रजीत 'हेअर' एकच. 'माय हेअर्स आर फॉलिंग' म्हटलं की केसांपेक्षा वाक्याकडे जास्त लक्ष जातं.

विभक्तीचा गुंता

मराठीचा एक प्रत्यय इंग्रजीत तीन ठिकाणी फुटतो. '-ने' बघा: बसने गेलो, 'बाय बस'. पेनने लिहिलं, 'विथ अ पेन'. भावाने सांगितलं, इथे काहीच नाही, भाऊ नुसता कर्ता. '-ला'ची तीच गत: पुण्याला गेलो, 'टू पुणे'. त्याला सांगितलं, 'टोल्ड हिम', मध्ये 'टू' नाही. 'से' वापरलं तर मात्र 'सेड टू हिम'. म्हणून 'ला म्हणजे टू' असं कोष्टक बनवू नका. क्रियापद त्याच्या शेपटीसकट पाठ करा.

शेपटी नको असलेली: डिस्कस (मागे 'अबाउट' नाही), रीच ('टू' नाही), एंटर ('इन' नाही), मॅरी ('विथ' नाही, पण लग्न झालेलं असेल तर 'मॅरीड टू'). शेपटी वेगळी असलेली: त्याच्यावर रागावला – 'अँग्री विथ हिम'. गणितात हुशार – 'गुड ॲट मॅथ्स'. वाहनांचं सोपं आहे: आत उभं राहून दोन पावलं चालता येत असेल तर 'ऑन' (ऑन द बस, ऑन द ट्रेन), वाकून शिरून बसावं लागत असेल तर 'इन' (इन अ रिक्षा, इन द कार). वेळेचं: घड्याळाला 'ॲट', वाराला आणि तारखेला 'ऑन', महिन्याला आणि वर्षाला 'इन'.

आणि मग आपला लाडका 'च'. 'मी तिथेच होतो' याचं 'आय वॉज देअर ओन्ली' होतं. हे भारतात कुणालाही कळतं, बाहेरच्या माणसाला मात्र 'मी फक्त तिथे होतो, इतर कुठे नाही' असं ऐकू येतं. इंग्रजीत 'च' हा बहुतेक वेळा शब्दात नसतो, आवाजात असतो. 'आय टोल्ड हिम' मधल्या 'आय'वर जोर दिला की 'मीच सांगितलं', 'हिम'वर दिला की 'त्यालाच सांगितलं'. 'तिथेच'साठी 'राइट देअर' आहे.

'हो' आणि 'नाही' ही तर मुलाखतीतली खरी खाच. 'तू जेवला नाहीस?' याला मराठीत 'हो, नाही जेवलो' हे उत्तर चालतं, आपण प्रश्नाला दुजोरा देतो. इंग्रजीत 'यस' किंवा 'नो' प्रश्नाकडे बघत नाही, वस्तुस्थितीकडे बघतं. जेवला नसाल तर 'नो', प्रश्न कसाही येवो. 'डोन्ट यू हॅव अ पासपोर्ट?' याला पासपोर्ट नसताना 'यस' म्हटलं तर समोरचा 'आहे' असं लिहून घेईल. नुसतं यस-नो म्हणून थांबू नका, 'नो, आय डोन्ट' असं शेपटीसकट म्हणा, म्हणजे चुकलात तरी समजतं.

उच्चार: किती आणि कुठले

लंडनचा हेल आणायच्या नादाला लागू नका. त्यात वर्षं जातात आणि तो मध्येच सुटला की जास्त विचित्र वाटतं. 'थिंक'मधला आपला थ, 'टेबल'मधला आपला ट कुणालाही कळतो. अर्थ बदलतो तिथेच मेहनत घ्या.

त्यात पहिला व. मराठी व हा इंग्रजीच्या 'व्ही' आणि 'डब्ल्यू'च्या मधोमध बसलेला आहे. वरचे दात खालच्या ओठाजवळ येतात, पण नीट टेकत नाहीत. त्यामुळे 'वेस्ट' म्हणजे पश्चिम की 'व्हेस्ट' म्हणजे बनियन, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. आरसा घ्या. 'व्ही'साठी वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर टेकवा आणि तीन सेकंद गुणगुणा, ओठाला मुंग्या आल्यासारखं वाटलं पाहिजे. 'डब्ल्यू'साठी दात पूर्ण लपवा, शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू करा, 'ऊ' म्हणा आणि तिथूनच पुढे सरका: ऊ-एस्ट, ऊ-इन, ऊ-एट. वहीत काही दिवस असंच लिहा. वाइन-व्हाइन, वेस्ट-व्हेस्ट, वेट-व्हेट या जोड्या रोज दहा वेळा. तपासायला फोनमधलं बोलून टायपिंग चालू करून एकेकटा शब्द म्हणा. पूर्ण वाक्य म्हटलंत तर फोन संदर्भावरून अंदाज बांधतो आणि तुमची चूक झाकतो.

दुसरं, शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क. इंग्रजीत 'पेन' म्हणताना ओठांतून हवेचा झोत सुटतो, आपला प कोरडा असतो. त्यामुळे परदेशी कानाला आपला 'पॅट' कधीकधी 'बॅट' वाटतो. वहीच्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी ओठांसमोर चार बोटांवर धरा. 'पेन' म्हणताना ती हलली पाहिजे. पण फ होऊ देऊ नका, ओठ आधी पूर्ण मिटायला हवेत.

भूतकाळाच्या 'ई-डी'चा उच्चार 'एड' करायची सवय शाळेतच लागते: वॉकेड, आस्केड, वॉशेड. घशावर हात ठेवा. मूळ क्रियापदाच्या शेवटच्या आवाजाला घसा थरथरत नसेल (क, प, श, स) तर शेवटी ट: वॉक्ट, आस्क्ट, वॉश्ट. थरथरत असेल तर ड: प्लेड, कॉल्ड. शेवटी ट किंवा ड आधीच असेल तरच 'इड': वॉन्टिड, नीडिड.

आणि आघात. मराठीत शब्दाची सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने चालतात, इंग्रजीत एक अक्षर जड आणि बाकीची पुसट. शिवाय जड अक्षर जागा बदलतं: फोटोग्राफमध्ये 'फो' जड, फोटोग्राफरमध्ये दुसरं अक्षर जड, म्हणजे जवळजवळ 'फ-टॉ-ग्र-फर', आणि फोटोग्राफिकमध्ये 'ग्रॅ'. नवा शब्द वहीत लिहिताना जड अक्षराखाली रेघ मारा. रेघ न मारलेला शब्द अर्धाच शिकलात असं समजा.

स्पेलिंगचा राग आला तर एवढं लक्षात घ्या. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना आणला आणि त्यानंतर हळूहळू स्पेलिंग गोठत गेलं. त्याच काळात आणि पुढेही स्वरांचे उच्चार बदलतच राहिले. म्हणजे आपण लिहितो जुन्या माणसांसारखं आणि बोलतो नव्यांसारखं. 'डेट', म्हणजे कर्ज, या शब्दातला मुका 'बी' तर कधी उच्चारलाच जात नव्हता, लॅटिन शब्दाशी नातं दाखवायला पंडितांनी तो मागाहून घातला. तेव्हा कशाचा उच्चार काय हे स्पेलिंगवरून ओळखायचा आग्रह सोडा. शब्दकोशातलं स्पीकरचं चिन्ह दाबा.

कळत नाही, कारण ते पुसट बोलतात

जड अक्षरांचाच हा दुसरा परिणाम. 'टू' चा 'ट' होतो, 'ॲन्ड' चा नुसता 'न', 'कॅन' चा 'कन'. 'आय कन गो' मध्ये जोर 'गो'वर असतो. 'आय कान्ट गो' मध्ये 'कान्ट'वरही असतो. 'ट' ऐकू आला नाही तरी जोरावरून होकार-नकार ओळखता येतो. मालिका बघून कान तयार होतो असं म्हणतात, पण खाली अक्षरं चालू असतील तर तयार होतात ते डोळे.

यासाठी श्रुतलेखन हाच उपाय. लेखी मजकूर सोबत असलेला आवाज निवडा, बीबीसी लर्निंग इंग्लिशवर असे कार्यक्रम फुकट मिळतात. त्यातले फक्त ३० सेकंद घ्या, म्हणजे साधारण सत्तर-ऐंशी शब्द. एकदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा थांबत थांबत लिहा. तिसऱ्यांदा गाळलेल्या जागा भरा. मग मजकुराशी ताडून सुटलेल्या शब्दांना खूण करा. सुटलेले शब्द बहुधा अवघड नसतात: 'ऑफ', 'हॅव', 'देम', 'टू'. शेवटी तोच तुकडा आवाजाच्या बरोबरीने, त्याच चालीवर तीन वेळा म्हणा. पंधरा मिनिटांत होतं. अर्धा तास ऐकत बसण्यापेक्षा याचा गुण लवकर येतो.

शब्द

शेकडो इंग्रजी शब्द मराठीत आधीच राहायला आले आहेत, ते भांडवल आहे. फक्त काहींनी इथे आल्यावर अर्थ बदलला. आपलं 'हॉटेल' म्हणजे मिसळ खायची जागा, त्यांचं म्हणजे मुक्कामाची. 'लाइट गेली' याला 'द पॉवर इज आउट'. शंका विचारताना 'आय हॅव अ डाउट' पेक्षा 'आय हॅव अ क्वेश्चन', कारण डाउट म्हणजे संशय. परीक्षा आपण देतो, इंग्रजीत विद्यार्थी ती 'टेक' करतो. स्वप्न आपण बघतो किंवा आपल्याला पडतं, इंग्रजीत माणूस 'हॅज अ ड्रीम'.

एकटा शब्द वहीत लिहू नका, त्याच्या सोबत्यांसकट लिहा: 'डिसिजन' नको, 'मेक अ डिसिजन' लिहा. रोज पाच, जास्त नको. प्रत्येकावर स्वतःच्या घरातलं किंवा कामातलं एक वाक्य. तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी मराठी बाजू वाचून इंग्रजी आठवा. उलटं केलंत तर फक्त ओळख पटते, बोलताना शब्द येत नाही.

तोंड उघडायला

हसतील ही भीती सल्ल्याने जात नाही, तयारीने थोडी कमी होते. अडल्यावर म्हणायची चार वाक्यं झोपेतही आली पाहिजेत: 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?', 'कुड यू स्पीक अ लिटल स्लोअर, प्लीज?', 'लेट मी पुट इट अनदर वे', 'आय डोन्ट नो द वर्ड फॉर इट, बट...'. ती असतील तर अडणं म्हणजे संभाषण संपणं होत नाही. 'म्हणजे...' तोंडात आलंच तर त्याच्या जागी 'आय मीन'.

विनंतीचंही बघा. 'पाणी द्या' यातला मान मराठी क्रियापदातच असतो. 'गिव्ह मी वॉटर' मध्ये तो उरत नाही, पुढे 'प्लीज' लावलं तरी हुकूम तो हुकूमच. 'कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?' हा साचा पन्नास वस्तूंना चालतो.

सोबतीला कुणी नसेल तर चहा करताना धावतं समालोचन करा: आय ॲम फिलिंग द पॅन, द मिल्क इज अबाउट टू बॉइल. सोबती असेल तर एक करार करा: बोलताना टोकायचं नाही, दहा मिनिटं संपल्यावर फक्त तीन चुका सांगायच्या, आणि त्या आठवड्यात ज्यावर काम चालू आहे त्याच. फोनमधल्या एआयशी बोलत असाल तर त्यालाही हीच अट घाला, नाहीतर तो प्रत्येक वाक्य सुधारून परत देतो आणि आपण बोलायचं सोडून त्याचं वाचत बसतो.

चाळीस मिनिटांची वाटणी: पंधरा श्रुतलेखनाला, दहा क्रियापदांचे चौकोन आणि उच्चारांच्या जोड्यांना, दहा मोठ्याने बोलण्याला, पाच शब्दांना. पहिले दोन आठवडे फक्त क्रियापदाच्या चुका धरा, तिसऱ्यात उपपदं, चौथ्यात शेपट्या, पुढचे दोन उच्चार आणि आघात. सगळं एकदम सुधारायला गेलात तर प्रत्येक वाक्याआधी थांबाल आणि वहीत गोल वाढतील.

बेचाळिसाव्या दिवशी त्याच विषयावर पुन्हा दोन मिनिटं बोला, पुन्हा उतरवा, त्याच रंगांनी खुणा करा. गोलांची संख्या शेजारी शेजारी लिहा. नव्या गोलांपाशी कुठली मराठी वाक्यं आली ती काढा, पुढच्या सहा आठवड्यांची यादी तयार झाली. आणि पहिल्या कागदावर जे क्रियापद सगळ्यात जास्त वेळा लाल झालं होतं ते या कागदावर शोधा. बहुधा ते 'गो' असेल.